१६ जीबी रॅम आणि हिरावाडीतली लग्नपत्रिका: घरच्या पीसीवर डिस्क कॅशिंगचं एक प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ४ जीबी काढून १६ जीबी रॅम टाकून घेतली, तरी मशीन तसंच रखडतंय. दुकानदार म्हणाला होता, पळायला लागेल. सीझन तोंडावर आलाय. तुम्ही एकदा येऊन बघाच."

वहिनी म्हणजे माझ्या शाळेतल्या मित्राची बायको. नाशिकला पंचवटीत हिरावाडीला राहतात आणि बरीच वर्षं घरूनच डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची पत्रं, गणपतीत मंडळांचे अहवाल. सगळ्यात जास्त काम लग्नांचं. दिंडोरी आणि निफाडकडच्या पत्रिका म्हणजे साधी दोन पानं नसतात. वर 'सप्तशृंगी माता प्रसन्न', मधे वधूवरांचे फोटो, मग मान्यवरांच्या फोटोंच्या रांगा, निमंत्रकांची आणि भाऊबंदांची लांबलचक यादी, आणि शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' एकेक फाइल तीनशे-चारशे एमबीला सहज जाते. माझी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायची, म्हणून ओळखीच्या घरांतून असे फोन येतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण रिकाम्या रॅमची कॅश (डिस्कवरची माहिती हाताशी ठेवायची जागा) करून डिस्कचा वेग वाढवता येतो असं बरेच जण ऐकतात आणि करून बघतात. मीही इथे ते केलं. त्यातलं एक पाऊल चुकलं, आणि त्याचा फटका वहिनींना बसला.

मशीन असं होतं: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच८१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर-थ्री १६०० च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ७२०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १० ची ६४-बिट आवृत्ती. त्या बोर्डावर रॅमला दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबी ही त्याची कमाल मर्यादा. रॅमच्या बाबतीत आणखी काही करायला वावच नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मी काहीच बदललं नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि वहिनींना म्हटलं, रोज करता तसं करा. बटण दाबल्यापासून कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये कालची पत्रिका उघडून कर्सर हलेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद लागली. तेवढ्या वेळात वहिनी आत जाऊन कुकर लावून आल्या. "रोजचंच आहे हे," म्हणाल्या.

मी टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून बसलो होतो. डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर लाल. आकडा असा भरलेला दिसला की लोकांना वाटतं डिस्क भरपूर काम करतेय. खालचा वेग बघितला तर सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबी. शंभर टक्के राबून एवढंच? याचं उत्तर डिस्कच्या रचनेत आहे. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एका उडीला बारा-तेरा मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास उड्या. प्रत्येक उडीत ४ केबीचा तुकडा मिळाला तर सेकंदाला ३२० केबी! सलग पडलेली मोठी फाइल हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे वाचते. वहिनींच्या डिस्कचे हाल छोट्या छोट्या तुकड्यांनी केले होते.

मग मी कोरल बंद करून तिथल्या तिथे पुन्हा उघडलं. ११ सेकंदांत हजर. वहिनी म्हणाल्या, "हो, दुसऱ्यांदा पटकन येतं ते."

त्यांना ते नवीन नव्हतं, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची खूण हीच होती. विंडोज आपण होऊन हेच काम करत असतं. एकदा वाचलेली फाइल ते रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतं आणि पुन्हा मागितली की तिथूनच देतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'कॅश्ड' असा आकडा दिसतो तो हाच. वहिनींच्या मशीनवर तो ५ जीबीच्या पुढे होता. लिनक्सवर 'फ्री' ही आज्ञा दिली की 'बफ/कॅश' खाली दिसतं, तोही हाच प्रकार. म्हणजे ज्या कॅशिंगसाठी लोक वेगळं सॉफ्टवेअर शोधतात, तिचा मोठा भाग घरात आधीच चालू असतो. मी वहिनींना त्यांच्याच कामातलं उदाहरण दिलं. जुन्या पत्रिकांचे नमुने माळ्यावरच्या ट्रंकेत असतात. गिऱ्हाईक आलं की शिडी लावून काढायचे. एकदा काढलेले टेबलावरच ठेवले तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला लगेच दाखवता येतात. रॅम म्हणजे ते टेबल. वाढवून घेतलेल्या रॅमनं टेबल मोठं झालं, पण रोज रात्री मशीन बंद केलं की टेबल पुसून कोरं होतं. सकाळी पुन्हा शिडी आलीच.

मग सकाळचा हा एवढा पसारा कसला, ते शोधलं.

पहिली गोष्ट, 'सिसमेन' नावाची सेवा बंद होती. पूर्वी तिला सुपरफेच म्हणत. २००७ साली व्हिस्टाबरोबर आली. आपण रोज कुठल्या वेळी काय उघडतो हे ती लक्षात ठेवते आणि आधीच रॅममध्ये आणून ठेवते. डिस्क सतत चालू दिसते म्हणून ती बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. वहिनींच्या भाच्यानं कुठलासा व्हिडिओ बघून ती बंद केली होती. ४ जीबी रॅम असताना कदाचित थोडा दिलासा मिळालाही असेल. हार्ड डिस्क आणि १६ जीबी अशा जोडीवर ती चालूच हवी.

दुसरी गोष्ट फॉन्टची, आणि माझ्या मते या मशीनचं खरं दुखणं हेच होतं. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ३,००० हून जास्त फॉन्ट होते. मराठी डीटीपी करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. श्रीलिपीचे संच, कृतिदेव, जुन्या गिऱ्हाइकांबरोबर आलेले, कुणी पेनड्राइव्हवर दिलेले, एकाच अक्षराची चार-चार रूपं, त्यात युनिकोडवाले वेगळे. 'उद्या लागेल' म्हणून काहीच काढलं जात नाही. यातला प्रत्येक फॉन्ट डिस्कवरची वेगळी फाइल आहे, आणि फॉन्टची यादी तयार करताना कोरल त्या एकामागून एक चाळतं. तीन हजार फाइली आणि सेकंदाला ऐंशी उड्या. एका फाइलीला चार-पाच उड्या धरल्या तरी नुसत्या यादीतच अडीच-तीन मिनिटं जातात.

तिसरी गोष्ट अगदी छोटी. फोटोशॉपच्या त्या जुन्या आवृत्तीत ३२-बिट आणि ६४-बिट असे दोन्ही प्रोग्राम बसवलेले होते आणि डेस्कटॉपवरचा शॉर्टकट ३२-बिटचा होता. ३२-बिट प्रोग्राम ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरूच शकत नाही. रॅम १६ जीबी असली तरी मोठ्या फाइलीचा भार तो डिस्कवरच्या स्क्रॅच (तात्पुरत्या) फाइलीवर टाकतो. शॉर्टकट बदलला, संपलं.

डिस्कची तब्येतही तपासली. खराब झाल्यानं पुन्हा वाटप झालेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य, वाचायला अडलेले सेक्टर शून्य. ही तपासणी कॅशिंगच्या आधी करायलाच हवी. डिस्क मरायला टेकलेली असेल तर कॅश तिचं आजारपण झाकून ठेवते. वरवर मशीन चपळ दिसतं आणि एके दिवशी डिस्क उघडतच नाही.

खरा उपाय एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली चिपवाली डिस्क आहे, हे मी त्याच संध्याकाळी सांगितलं. वहिनींनी हात जोडले. "भाऊजी, ३० मेपर्यंत या मशीनला स्क्रू लावू नका. हातात एकवीस पत्रिका आहेत. जून लागला की काय ते करा." बरोबरच होतं. कोरलच्या सेटअपची सीडी कधीच हरवली होती, आणि जुन्या डिस्कचं क्लोन (हुबेहूब नक्कल) करताना काही बिनसलं असतं तर ऐन सीझनात हात बांधले गेले असते. आहे त्या १६ जीबीतून काय काढता येतं तेवढंच बघायचं ठरलं.

सिसमेन चालू केली. फॉन्ट दोन संध्याकाळी बसून वहिनींनी स्वतः निवडले, रोजचे १८० ठेवले आणि बाकीचे एका फोल्डरमध्ये गटवार लावले, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच बसवता येईल. चार दिवसांनी, सिसमेनला थोडी सवय झाल्यावर, पुन्हा स्टॉपवॉच लावलं: ३ मिनिटं १० सेकंद. कुठलंही सॉफ्टवेअर न घालता वेळ निम्म्याच्या खाली आला होता. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण फाइल सेव्ह करताना वहिनींना अजून खोळंबा व्हायचा. साडेतीनशे एमबीची फोटोशॉप फाइल सेव्ह व्हायला चाळीस सेकंद, आणि त्या दिवसातून वीसदा सेव्ह करणाऱ्या. म्हणून मी रॅमवर कॅश करणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. महिनाभर फुकट वापरता येतं, सीझन निघून जाणार होता. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष त्याचा नव्हता. असली सॉफ्टवेअर विंडोजच्या खाली, थेट डिस्कच्या ब्लॉकवर (ठरावीक आकाराच्या तुकड्यांवर) काम करतात. आपण सांगू तेवढी रॅम ती कायमची अडवतात आणि डिस्कवरून गेलेले-आलेले ब्लॉक तिथे ठेवतात. मी ४ जीबी दिली. ब्लॉकचा आकार १६ केबी ठेवला. ब्लॉक जितका लहान तितकी नुसत्या नोंदवहीलाच रॅम जास्त लागते, आणि फार मोठा ठेवला तर ४ केबीच्या गरजेसाठी उगाच मोठा तुकडा अडकून पडतो.

वाचनात फरक पडला तो अगदी किरकोळ. ३:१० वरून २:५०. सॉफ्टवेअरच्या खिडकीत हिट रेट, म्हणजे किती मागण्या कॅशमधूनच भागल्या तो आकडा, ३० टक्क्यांच्या आसपासच घुटमळायचा. पहिल्यांदा मला वाटलं सेटिंग चुकलंय. नंतर लक्षात आलं की हे असंच होणार. विंडोजची स्वतःची कॅश वर बसलेली आहे. पुन्हा पुन्हा लागणारी फाइल तीच वरच्या वर देऊन टाकते. खालच्या कॅशपर्यंत पोचतात त्या बहुतेक पहिल्यांदाच मागितलेल्या गोष्टी, त्या तिच्याकडे असणार कशा? उलट कितीतरी तुकडे दोन्हीकडे साठत होते, एकच नमुना दोन टेबलांवर मांडून ठेवावा तसे. बाहेर अडवलेले ४ जीबी विंडोजकडेच राहिले असते तर जवळजवळ तेवढाच उपयोग झाला असता. मशीन सुरू होताना आदल्या दिवशीची कॅश पुन्हा भरून ठेवायची सोय त्यात होती, पण ती भरायची त्याच हार्ड डिस्कवरून. सुरुवातीची दोन मिनिटं डिस्क तिकडे राबायची आणि वहिनींचं काम मागे पडायचं. ते मी दोन दिवसांत बंद केलं.

एक इशारा. अशा कॅशनंतर डिस्कचा वेग मोजणारे प्रोग्राम चालवून बघू नका. त्यांची चाचणीची फाइल बहुधा १ जीबीची असते, ती सगळी रॅममध्ये मावते आणि सेकंदाला हजारो एमबी असा आकडा येतो. तो रॅमचा वेग असतो. लोक त्याचे स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवतात. आपलं रोजचं काम आणि स्टॉपवॉच, हीच चाचणी.

खरी जादू दिसली ती लेखनात. 'उशिरा लिहा' असा एक पर्याय असतो. तो चालू केला की प्रोग्रामनं सेव्ह म्हटल्यावर माहिती फक्त रॅममध्ये घेतली जाते, 'झालं' असं उत्तर जातं आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरवली जाते. किती नंतर ते आपण ठरवायचं. मी ३०० सेकंद ठेवले. चाळीस सेकंदांचं सेव्ह दोन सेकंदांवर आलं. वहिनींनी तीन-चारदा उगाचच सेव्ह करून बघितलं. "आता कसं हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि मलाही फार बरं वाटलं.

घरात यूपीएस होता. हिरवा दिवा लागलेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि ठीक आहे म्हटलं. प्लग काढून तपासला नाही. ही माझी चूक.

मेच्या मधल्या एका संध्याकाळी वळीव आला. आधी धूळ, मग वारा, आणि सातच्या सुमारास लाइट गेली. यूपीएस एकदा टीं करून वाजला आणि बंद पडला. आतली बॅटरी केव्हाच संपली होती, दिवा फक्त वीज येतेय एवढंच सांगत होता. वहिनी निफाडची एक पत्रिका संपवत होत्या. दुपारपासून मान्यवरांचे बेचाळीस फोटो कापून, सारखे करून बसवले होते. तासाभरानं लाइट आली. मशीननं सुरू होताना डिस्क तपासायला घेतली, आणि नंतर ती फाइल उघडेना. आकार दिसत होता, आत काही नव्हतं. कोरलची आपोआप होणारी बॅकअप प्रतही गेली, कारण तीही शेवटच्या पाच मिनिटांतच लिहिली गेली होती आणि त्याच रॅममध्ये होती. शेजारचं एक फोल्डर, ज्याला त्या दिवशी कुणी हात लावला नव्हता, तेही अर्धवट झालं होतं.

हे शेवटचं नीट समजून घ्यायला हवं. वीज गेली की शेवटच्या पाच मिनिटांचं काम जाईल, एवढाच धोका मी धरला होता. तो खूप मोठा असतो. विंडोजची फाइल व्यवस्था आपल्या बदलांची आधी एका नोंदवहीत नोंद करते, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करून घेते आणि मगच पुढचा बदल करते. मधेच वीज गेली तरी त्या नोंदीवरून रचना सावरता येते. पण खाली बसलेलं सॉफ्टवेअर 'पोचलं' म्हणून खोटंच सांगत असेल तर या क्रमाला अर्थ राहत नाही. काही ब्लॉक उतरलेले, काही रॅममध्येच विरलेले, आणि नोंदवहीचं पानही त्यातच. किराणा दुकानदारानं दिवसभराची उधारी चिठ्ठ्यांवर टिपावी, रात्री वहीत उतरवू म्हणावं, आणि संध्याकाळच्या वाऱ्यात मधल्याच काही चिठ्ठ्या उडून जाव्यात. शिल्लक चिठ्ठ्यांवरून हिशेब लावायला गेलं की ज्याचं देणं नव्हतं त्याच्याही नावावर गोंधळ होतो.

ही चूक काही नवी नाही. १९९३ साली एमएस-डॉस ६.० मधलं स्मार्टड्राइव्ह लेखन असंच मागे ठेवायचं. लोक प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा मागणारी खूण) दिसला की बटण बंद करत आणि फाइली जात. ६.२ मध्ये ते बदलून, सगळं डिस्कवर उतरल्यावरच प्रॉम्प्ट दिसेल असं केलं. मला हे माहीत होतं, तरीही चाळीस सेकंदांच्या मोहात मी ३०० सेकंद लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातला हिरावाडीत होतो. वहिनी एका शब्दानं बोलल्या नाहीत. चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला सहा वाजता प्रूफ व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं, तेवढं आहे." त्या फोटोवरून सगळी नावं पुन्हा टाइप केली. मी वाचून दाखवायचो, त्या टाइप करायच्या. मूळ फोटो गिऱ्हाइकाकडून पुन्हा मागवले. पाच तास गेले. पत्रिका वेळेत छापायला गेली. शेजारच्या फोल्डरमधल्या चार फाइली मात्र परत मिळाल्या नाहीत.

त्याच दिवशी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज' पानावर दोन चौकोन असतात. पहिला, डिस्कवरची लेखन-कॅश चालू ठेवण्याचा, तसाच राहू दिला, तो मुळातच टिक केलेला असतो. दुसरा, कॅश रिकामी करायचा आदेशच बंद करणारा, कोरा आहे याची खात्री केली. घरच्या मशीनवर तो कोराच हवा. विंडोज स्वतःही लेखन काही सेकंद थोपवतं. लिनक्समध्ये ही मुदत साधारण ३० सेकंदांची असते. पण एखाद्या प्रोग्रामनं 'हे आत्ताच डिस्कवर टाक' म्हटलं तर या व्यवस्था ते ऐकतात. मी बसवलेल्या सेटिंगनं तेच ऐकायचं सोडलं होतं. ज्याच्याकडे चांगला यूपीएस आहे आणि एखाद्या तात्पुरत्या, गेली तरी चालेल अशा ड्राइव्हसाठी हे वापरायचंय, त्यानं जरूर वापरावं. गिऱ्हाइकाचं काम ज्या डिस्कवर आहे तिथे मी आता ते कधीच चालू करणार नाही.

सेव्हचा खोळंबा आम्ही वेगळ्या रीतीनं कमी केला. मान्यवरांचे फोटो मोबाइलमधून येतात तसे पूर्ण आकारात पत्रिकेत टाकले जात. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतो आणि फोटो असतो इंच-सव्वा इंचाचा. आधी लहान करून मग घालायला लागल्यावर चारशे एमबीची फाइल नव्वदवर आली, आणि सेव्ह दहा-बारा सेकंदांत व्हायला लागलं.

जूनच्या पहिल्या रविवारी ५०० जीबीची साटा एसएसडी बसवली. जुन्या डिस्कचं क्लोन करायला दुपार गेली. बटण दाबल्यापासून पत्रिका हलेपर्यंत ४८ सेकंद. आता जुनी हार्ड डिस्क मागच्या वर्षांच्या कामांसाठी आहे, १६ जीबी रॅम पूर्ण विंडोजच्या हातात आहे, आणि 'कॅश्ड'चा आकडा संध्याकाळपर्यंत ८-९ जीबीवर जातो.

यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी घातली. तिच्यावर आणि यूपीएसच्या पाठीवर वहिनींनी मार्करनं तारीख लिहून ठेवली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सगळे प्रोग्राम बंद करून त्या भिंतीतला प्लग काढतात आणि मशीन किती मिनिटं तग धरतं ते कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहितात. परवा गेलो तेव्हा १४ लिहिलेलं होतं.